आरोप कानावर येण्याआधी

प्रस्तावना

१५ जानेवारी २०२६ रोजी पुणे महापालिकेसाठी मतदान झालं. त्याआधीचं मतदान २१ फेब्रुवारी २०१७ चं. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढे जवळपास चार वर्षं शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. एवढ्या खंडानंतर ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडायचे होते. एक प्रभाग सोडला तर बाकी सगळे चार सदस्यांचे, म्हणजे बहुतेक मतदारांना एकाच वेळी चार जागांसाठी कौल द्यायचा होता. एकेका जागेला चार-पाच उमेदवार धरले तरी पंधरा-वीस माणसांची पारख करायची, आणि हाताशी दिवस मोजकेच. या काळात मतदारापर्यंत सगळ्यांत लवकर पोचतो तो आरोप. पाच वर्षांच्या कामाचा हिशेब मांडायला अर्धा तास लागतो. ‘त्याने पैसे खाल्ले’ म्हणायला तीन शब्द पुरतात.

ही पुस्तिका त्या तीन शब्दांपुढे उभ्या राहणाऱ्या मतदारासाठी आहे. कोणाला मत द्यावं हे ती सांगत नाही. एखाद्याविरुद्ध काही कानावर आलं की त्याचं काय करायचं, एवढाच तिचा विषय आहे. आणि तिचं म्हणणं थोडक्यात असं, की ही तयारी आरोप येण्याआधी करायची असते. आरोप एकदा मनात जाऊन बसला की खुलासा कितीही सज्जड असला तरी तो उशिराच पोचतो.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा. विरोधात बोलणं म्हणजे वाईट बोलणं नव्हे. नगरसेवक पाच वर्षांत मुख्य सभेत किती वेळा बोलला, वॉर्डस्तरीय निधी कुठल्या कामांवर खर्च झाला, दिलेलं आश्वासन का पाळलं गेलं नाही, हे उमेदवार स्वतःहून सांगणार नाही. ते त्याचा प्रतिस्पर्धीच सांगेल. असं सांगणं हा लोकशाहीतला उपयोगाचा भाग आहे आणि मतदाराने ते कान देऊन ऐकावं. निवडणूक आचारसंहितेचाही आग्रह हाच आहे: टीका धोरणांवर, कार्यक्रमांवर, मागच्या कामगिरीवर करा, सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यात शिरू नका, पडताळणी न झालेले आरोप करू नका. म्हणून या पुस्तिकेत ‘टीका’ आणि ‘राळ’ हे दोन शब्द वेगळे वापरले आहेत. टीका तपासता येते. राळ उडवणाऱ्याला तुम्ही तपासायला बसावं असं वाटतच नसतं.

पुण्याला राळ नवी नाही. या शहराने विचारांची मोठी भांडणं पाहिली आणि त्या भांडणांच्या आडून माणसांना जायबंदी करण्याचे प्रकारही पाहिले. गोपाळ गणेश आगरकरांना तर जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहावी लागली. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या काळातली तीन प्रकरणं जास्त शिकवून जातात.

पहिलं प्रकरण १८९० चं. पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटं समोर आली. कोणी घेतली, कोणी नुसता पेला पुढे ओढला, कोणी हातही लावला नाही. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ पत्रात प्रसिद्ध करवली आणि गावभर गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, उभं राहिलं, प्रायश्चित्तांचा प्रश्न आला. आजच्या मतदाराने यात पाहायचं ते त्या यादीकडे. यादी हजर असलेल्यांची म्हणून छापली होती.  पण ‘हजर होता’ यातून वाचणाऱ्याने ‘चहा प्याला’ असा अर्थ काढला, आणि ‘चहा प्याला’ यातून ‘धर्म सोडला’ असा. छापणाऱ्याला खोटं बोलावंच लागलं नाही. उरलेलं काम वाचणाऱ्याने केलं.

दुसरं प्रकरण गोखल्यांचं. १८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. इकडे पुण्यात प्लेगची साथ होती आणि घरझडतीच्या नावाखाली सैनिकांकडून होणाऱ्या छळाच्या हकिगती त्यांना पुण्याहून पत्रांनी कळत होत्या. त्यांतली स्त्रियांवरच्या अत्याचाराची तक्रार त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रांतून जाहीर केली. परत आल्यावर सरकारने पुरावा मागितला. कळवणारे पुढे येईनात. पुरावा देता येत नाही म्हटल्यावर गोखल्यांनी विनाअट माफी मागितली. तेव्हापासून पुण्यात आणि पुण्याबाहेर ‘माफी मागणारा’ हा शिक्का त्यांच्यावर बसला. त्याच वर्षी अमरावतीला भरलेल्या काँग्रेसमध्येही त्यांच्याविषयीची नाराजी लपून राहिली नाही.

माफी मागितली हे शंभर टक्के खरं. पण ती का मागितली? जे सिद्ध करता येत नाही त्याला चिकटून राहायचं नाही, हा त्यांचा निर्णय होता. माहिती देणाऱ्यांना तोंडघशी पाडायचं नाही, हाही त्यात भाग होता. आरोप करणाऱ्यांनी घटना ठेवली आणि कारण काढून टाकलं. कारण काढलं की त्याच घटनेतून भेकडपणा दिसायला लागतो. पुढे १८९९ मध्ये गोखले मुंबई विधिमंडळावर निवडून गेले, १९०५ मध्ये बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्यांच्यामागे काम होतं आणि ते काम जवळून पाहिलेली माणसंही होती, म्हणून शिक्का धुऊन निघाला. ज्याच्यामागे एवढं काम नसतं किंवा जो गोखल्यांएवढा माहितीतला नसतो, त्याचा शिक्का धुतला जाईलच असं नाही.

तिसरं प्रकरण मुद्दाम घेतलं आहे, कारण ते आपल्याला सोप्या निष्कर्षावर थांबू देत नाही. १९२० च्या दशकात पुणे नगरपालिकेत केशवराव जेधे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महात्मा फुल्यांच्या पुतळ्याची मागणी लावून धरली. तिला कडवा विरोध झाला. त्या संतापातून १९२५ मध्ये दिनकरराव जवळकरांचं ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक आलं. चिपळूणकर आणि टिळक यांच्यावर त्यात जहाल भाषेत हल्ला होता. खटला भरला गेला, शिक्षा झाली, आणि अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाजू मांडल्यावर आरोपी सुटले. भाषा जहाल होती यात शंका नाही. पण त्या भाषेमागे खरा अन्याय होता, आणि तो सौम्य शब्दांत मांडणाऱ्यांचं कोणी ऐकलं नव्हतं. म्हणून आवाज किती चढलेला आहे यावरून आरोपाची परीक्षा करू नये. अन्याय झालेल्याचा आवाज चढणारच. परीक्षा करायची ती म्हणण्याची: घटना काय, पुरावा काय, आणि त्यातून निघतो म्हणतात तो निष्कर्ष खरोखर निघतो का.

आजचा प्रचार वर्तमानपत्राच्या रकान्यात मावत नाही. तो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो, रील होऊन येतो, चौकातल्या फ्लेक्सवर येतो, कोपरा सभेतून येतो, कधी रात्री दाराखालून सरकवलेल्या निनावी पत्रकातून येतो. साधनं बदलली, पण डाव बहुतेक जुनेच आहेत. पुस्तिकेत ते सविस्तर दिले आहेत. इथे चार डाव थोडे जवळून पाहू.

पहिला डाव फोटोचा. उमेदवार आणि एखादा नामचीन गुंड खांद्याला खांदा लावून उभे आहेत, दोघांच्या कपाळाला गुलाल. खाली ओळ: ‘ओळखा यांची मैत्री’. फोटो खरा असतो. पण पुण्यात राजकारण करणारा कोणीही गणपतीच्या दहा दिवसांत मंडळामागून मंडळ करत आरतीला उभा राहतो, आणि शेजारी कोण येऊन उभं राहील यावर त्याचा ताबा नसतो. पंचहौदच्या यादीचाच हा आजचा अवतार. इथे मतदाराने विचारायचं ते एवढंच: या फोटोखेरीज दोघांमधला दुसरा कुठला संबंध दाखवता येतो का? व्यवहार, भागीदारी, पदावरची नेमणूक, न्यायालयातला कागद? दाखवता आला तर तो गंभीर आरोप आहे आणि तो तसाच घ्यावा. नाही आला तर तो आरतीचा फोटो आहे.

दुसरा डाव ‘गुन्हेगार’ या शब्दाचा. गुन्हा दाखल होणं, आरोपपत्र दाखल होणं, न्यायालयाने आरोप निश्चित करणं आणि दोषी ठरवणं या चार वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. पाणी आलं नाही म्हणून महापालिकेवर मोर्चा नेला आणि जमावबंदीचा आदेश मोडला, तरी गुन्हा दाखल होतो. खंडणी मागितली तरी गुन्हाच दाखल होतो. पत्रकात दोन्हींसाठी शब्द एकच असतो. फरक कळायला फार खटपट करावी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे उमेदवाराला शपथपत्र द्यावंच लागतं. लोकसभा-विधानसभेसाठी तो नमुना २६. त्यात प्रलंबित खटल्याचा क्रमांक, पोलीस ठाणं, न्यायालय, कलमं आणि आरोप निश्चित झाले आहेत का, हे सगळं लिहिलेलं असतं. पुढे मालमत्ता, कर्ज, सरकारी थकबाकी आणि शिक्षण. महापालिकेच्या निवडणुकीतही शपथपत्र असतं. कलमांचा रकाना एकदा नीट वाचायला शिकलं की ‘सात गुन्हे’ या आकड्यात सातही आंदोलनाचे आहेत की सातही मारामारीचे, हे ज्याचं त्याला कळतं.

तिसरा डाव कोटींचा. समजा, एखाद्या भागातल्या जलवाहिन्यांचं काम तीनशे कोटींचं आहे आणि निविदेतल्या एका अटीवर आक्षेप घेतला गेला. प्रचारात त्याचा ‘तीनशे कोटींचा घोटाळा’ होतो. कामाची सगळी किंमत हेच जणू नुकसान! महापालिकेचं अंदाजपत्रक दहा हजार कोटींच्या पुढे गेलं आहे. अशा आकड्यांच्या गर्दीत तीनशे कोटी म्हणजे किती, याचा अंदाज आपल्यापैकी कोणालाच पटकन येत नाही, आणि आरोप करणाऱ्याला ते माहीत असतं. इथले प्रश्न तीन: एकूण कामाची रक्कम किती, आक्षेप नेमक्या किती रकमेवर, आणि आक्षेप घेतला कोणी? लेखापरीक्षकाने, न्यायालयाने, की समोरच्या उमेदवाराने?

चौथा डाव अधिकाराच्या गोंधळाचा. पुण्यात राहत्या घराच्या मिळकतकरात ४० टक्के सवलत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. लेखापरीक्षणातल्या आक्षेपांनंतर ती राज्य सरकारच्या पातळीवर थांबली आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाच्या निर्णयाने पुन्हा सुरू झाली. या सगळ्या काळात ‘यांनी सवलत काढली’ आणि ‘आम्ही सवलत आणली’ अशी वाक्यं शहरभर फिरली. ज्या मतदाराला मुख्य सभेचा अधिकार कुठवर चालतो आणि मंत्रालयाचा कुठून सुरू होतो हे माहीत नाही, त्याच्या दृष्टीने ‘यांनी’ म्हणजे समोर दिसणारा कोणीही. म्हणून पुस्तिकेत कोणतं काम कोणाच्या अखत्यारीत येतं याचा एक तक्ता दिला आहे. दिसायला रुक्ष असला तरी राळेवरचं ते फार चांगलं औषध आहे.

मग कायदा काय करतो, असं कोणी विचारेल. कायदा आहे आणि तो कडक आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(४) नुसार, उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी खोटं असल्याचं माहीत असूनही विधान पसरवणं हा भ्रष्ट आचार ठरतो आणि त्यावरून निवडणूकही रद्द होऊ शकते. कलम १२७अ प्रमाणे निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत जाहीर प्रचारावर बंदी असते. हे सगळं लोकसभा-विधानसभेचं. महापालिकेसाठी राज्य निवडणूक आयोगाचे आदेश असतात. पण निवडणूक याचिका दाखल होते ती निकालानंतर, आणि तिचा निकाल लागेपर्यंत अनेकदा मुदतीतली वर्षं सरून जातात. मतदाराने बटण दाबलेलं असतं ते केव्हाच. कायदा अपराध्याला पकडू शकेल, पण मतदानाच्या आदल्या रात्री मोबाइलवर आलेल्या क्लिपपुढे मतदार एकटाच असतो. त्या रात्रीची तयारी आधीच झालेली असायला हवी.

ही तयारी होऊ शकते, याला संशोधनाचा आधार आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्यम मॅग्वायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक गोष्ट दाखवून दिली. ज्या समजुतींवर कधीच कोणी वाद घातलेला नसतो, त्याच पहिल्या हल्ल्यात सगळ्यांत आधी ढासळतात. जेवणानंतर दात घासावेत, इतकी साधी समजूत घेऊन त्याने प्रयोग केले. त्या समजुतीच्या बाजूचे मुद्दे ज्यांना नुसते ऐकवले होते, ते पुढच्या हल्ल्यात फारसे टिकले नाहीत. ज्यांना आधीच सौम्य स्वरूपातला हल्ला दाखवून त्याचं खंडन कसं करायचं हेही दाखवलं होतं, ते जास्त टिकले. आणि ते नव्या, पूर्वी न ऐकलेल्या मुद्द्यांपुढेही टिकले. मॅग्वायरने या पद्धतीला लसीकरणाचं नाव दिलं. सीरम इन्स्टिट्यूटच्या या शहराला त्याचा अर्थ फोडून सांगायला नको: रोगाचा दुबळा अंश आधीच टोचला, की शरीर खऱ्या रोगाला ओळखायला शिकतं.

मायकेल फाऊ यांनी हीच कल्पना निवडणुकीत नेली. १९८६ साली अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात सिनेटची चुरशीची लढत होती. फाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मतदारांना, तुमच्या उमेदवारावर असा असा आरोप होईल आणि त्याचं उत्तर असं आहे, हे आधीच कळवलं. ज्यांना आधी कळवलं होतं त्यांच्यावर नंतर आलेल्या आरोपांचा परिणाम कमी झाला. १९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांनी पुन्हा अभ्यास केला, तेव्हा नंतरच्या खुलाशापेक्षा आधीची सूचना जास्त उपयोगी पडते असं दिसलं. अलीकडे केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी एकेका आरोपाऐवजी आरोपांच्या तंत्रावर भर दिला. २०१८ मध्ये त्यांनी एक खेळ तयार केला. त्यात खेळणारा स्वतःच अफवा पसरवणारा होतो आणि त्यातून तंत्र ओळखायला शिकतो. २०२२ मध्ये यूट्यूबवरच्या दीड मिनिटाच्या चित्रफितींनीही लोकांची तंत्र ओळखण्याची क्षमता वाढल्याचं दिसून आलं. हा परिणाम कालांतराने ओसरतो आणि तो टिकवायचा तर उजळणी लागते, हेही त्याच संशोधनाने सांगितलं.

इथे एक धोका आहे आणि या पुस्तिकेची सगळी रचना त्या धोक्याचा विचार करून केली आहे. फाऊंच्या प्रयोगात लस टोचली होती ती विशिष्ट उमेदवाराच्या बाजूने. हे काम कुठलाही पक्ष करू शकतो, आणि करतो. ‘आमच्यावर आता खोटे आरोप होतील, विरोधकांच्या पोटात दुखतंय’ असं भाषणात आधीच सांगून ठेवलं, की उद्या खरा आरोप आला तरी कार्यकर्ता तो ऐकूनच घेत नाही. ज्या हत्याराने मतदाराला राळेपासून वाचवायचं, त्याच हत्याराने त्याला सत्यापासूनही वाचवता येतं. म्हणून ही तयारी उमेदवारांच्या हाती सोडून चालणार नाही. ती मतदारांनी आपापसांत करायला हवी. आणि ‘अमक्यावरचा आरोप खोटा आहे’ हे उत्तर पाठ करून घेण्यापेक्षा आरोप उलगडून पाहायची रीत शिकायला हवी. या कारणाने पुस्तिकेतली उदाहरणं कोणत्याही एका पक्षाची नाहीत, आणि प्रत्येक सरावाची पहिली पायरी एकच आहे: तुम्हाला जो उमेदवार आवडतो, त्याच्या बाजूने फिरणारा, समोरच्यावरचा आरोप आधी तपासा. आपल्या नावडत्या माणसावरचा आरोप तपासण्याचा कंटाळा येणं, हीच या रोगाची सुरुवात आहे.

पुस्तिकेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी सुमित्रा बद्रीनाथन यांनी बिहारमध्ये घरोघर जाऊन, खोटी बातमी कशी ओळखावी याचं साधारण तासाभराचं प्रशिक्षण दिलं. एकंदरीत फरक पडला नाही. उलट एका पक्षाच्या समर्थकांमध्ये, आपल्या पक्षाच्या सोयीची खोटी बातमी ओळखण्याची क्षमता प्रशिक्षणानंतर कमी झालेली दिसली. पक्षनिष्ठा एका तासात बाजूला ठेवता येत नाही. नंतर बिहारमध्येच शाळकरी मुलांना काही आठवडे टप्प्याटप्प्याने वर्ग घेऊन हेच शिकवलं, तेव्हा फरक पडला आणि तो टिकलाही. यातून निघणारा धडा सरळ आहे: एक व्याख्यान पुरत नाही, निवडणुकीच्या धामधुमीत शिकवलेलं मुरत नाही, आणि ओळखीच्या माणसांत, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा केलेलं टिकतं.

ओळखीचं बळ काय असतं हे पुण्याने अलीकडेच पाहिलं. २०२३ च्या कसब्याच्या पोटनिवडणुकीत ‘हू इज धंगेकर?’ हा प्रश्न उमेदवाराला कमी लेखण्यासाठी विचारला गेला, आणि निकालानंतर तोच प्रश्न त्यांच्या समर्थकांच्या फलकांवर झळकला. त्या निकालाला अनेक कारणं होती आणि एका वाक्याला त्याचं श्रेय देता येणार नाही. पण एक गोष्ट नाकारता येत नाही. पेठांतल्या मतदाराने ज्या माणसाला नगरसेवक म्हणून वर्षानुवर्षं पाहिलेलं असतं, त्याच्याबद्दल ‘हा कोण?’ असं विचारून काही साधत नाही. त्याचं बरं आणि वाईट दोन्ही त्याला आधीच माहीत असतं. आरोप सगळ्यांत खोल रुततो तो अनोळखी माणसाबद्दल. चार सदस्यांच्या प्रभागात आपले बहुतेक उमेदवार अनोळखीच असतात, म्हणून निवडणूक नसताना आपल्या नगरसेवकाला ओळखून असणं हीदेखील तयारीच आहे. त्याच्या संपर्क कार्यालयात जा, क्षेत्रसभेचा आग्रह धरा, अंदाजपत्रकात आपल्या भागातल्या कोणत्या कामाला किती तरतूद झाली ते विचारा.

राळेने होणारं सगळ्यांत मोठं नुकसान उमेदवाराचं नसतं. रिचर्ड लाऊ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये १११ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. नकारात्मक प्रचाराने मतं हमखास वळतात असं त्यात आढळलं नाही. पण त्याने शासनावरचा विश्वास आणि आपल्या मताने काही फरक पडतो ही भावना किंचित का होईना घटते, असं आढळलं. म्हणजे हल्ला करणाऱ्याचा फायदा अनिश्चित आणि तुमचं-आमचं नुकसान मात्र नक्की. ‘सगळे सारखेच’ हे वाक्य आपण शहाणपणाने बोलतो असं आपल्याला वाटतं. खरं तर ते थकव्याचं वाक्य आहे. सगळे सारखे नसतात. प्रामाणिकपणे काम करणारे सगळ्या पक्षांत आहेत, आणि त्यांना लबाडांपासून वेगळं काढण्याचं काम मतदाराखेरीज कोणीच करू शकत नाही. २०२४ च्या लोकसभेला पुणे मतदारसंघात निम्म्याहून थोडंच अधिक मतदान झालं. घरी थांबलेल्या प्रत्येकाचं कारण वेगळं असेल. पण ‘सगळे सारखेच’ म्हणून जे थांबले, त्यांनी आपला न्यायनिवाड्याचा अधिकार राळ उडवणाऱ्याच्या हाती देऊन टाकला.

पुस्तिका वापरायची कशी, याविषयी थोडं. ती एकट्याने वाचता येते, पण तिचा खरा उपयोग चार माणसांत आहे. सोसायटीच्या मासिक बैठकीनंतरची वीस मिनिटं, मंडळाच्या कार्यकर्त्यांची बैठक, भिशी, ज्येष्ठ नागरिक संघ, महाविद्यालयाचा कट्टा, वस्तीतली बचतगटाची बैठक, यांपैकी कुठलीही जागा चालेल. एकाने आलेला एक संदेश वाचायचा. दुसऱ्याने घटना, पुरावा आणि निष्कर्ष वेगळे करायचे. तिसऱ्याने आरोप झालेल्याच्या बाजूने बोलायचं, मग तो त्याला कितीही नावडता असो. शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवायचं: हे तपासण्यासारखं आहे की सोडून देण्यासारखं? आणि जे तपासून खरं ठरेल, ते मतदानाच्या दिवशी लक्षात ठेवायचं. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासाठी हा सराव तोंडीही होतो. किंबहुना त्यांच्यासोबत तो जास्त चांगला होतो, कारण बोलणाऱ्याचा हेतू ओळखण्याची त्यांची सवय आपल्यापेक्षा जुनी असते.

वडीलधाऱ्यांशी बोलताना मात्र जपून. आजोबांनी एखादा फॉरवर्ड पाठवला तर ग्रुपवर सगळ्यांदेखत ‘हे फेक आहे’ म्हणून त्यांना तोंडावर पाडू नका. अपमान झालेला माणूस आपली चूक अधिक घट्ट धरून ठेवतो. फोन करा, ‘हे कुठून आलं, आपण मिळून बघू या का?’ असं विचारा. या कामात जिंकण्यापेक्षा सोबत राहणं जास्त उपयोगी पडतं.

लोकसभा आणि विधानसभेच्या पुढच्या नियमित निवडणुका २०२९ मध्ये होतील. आत्ता फ्लेक्स उतरले आहेत, ग्रुपवर पुन्हा पाण्याच्या वेळा आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा येऊ लागल्या आहेत, आणि कालपर्यंत एकमेकांशी न बोलणारे शेजारी पुन्हा बोलत आहेत. तयारीला याहून चांगली वेळ मिळणार नाही, कारण आज आपण एखाद्या उमेदवाराची बाजू न घेता या विषयावर बोलू शकतो. मतदार हा निवडणुकीतला न्यायाधीश आहे. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, हा न्यायाधीशाचा पहिला नियम, आणि तो पाळण्याची ताकद आपल्यात आहे असा माझा ठाम विश्वास आहे. येत्या बैठकीत ही पुस्तिका काढा, तुमच्या आवडत्या पक्षाने समोरच्यावर केलेला एक आरोप निवडा, आणि त्याच्यापासून सुरुवात करा.

पुणे